काठवट

आमच्या बेटावर सरकारं दोन.
एक आंकूदला, शिक्क्यांचं, पावत्यांचं,
करापुरतं होडीतून उतरणारं.
दुसरं किकावीच्या गुहेत.
त्याला राजा आहे, बेटागणिक सुभेदार आहेत,
दाराशी राखणीला एक पोर आहे
ज्याचा पाय तान्हेपणीच पिरगाळून मानेला शिवला.
लोक त्याला 'सरळ प्रांत' म्हणतात.
नाव सरळ. पुढचं मी बोलत नाही,
भिंती लाकडाच्या आहेत, लाकूड ऐकतं.

माझी बायको एदुविखेस
त्या सरकारची टपालवाली.

हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे
आणि अकरा वर्षं मी झोपेचं सोंग घेतो.
मध्यरात्री ती मागल्या खोलीत जाते,
काठवट पुढ्यात ओढते
आणि ओकते.
आधी पित्त, मग सगळी आतडी,
ओली, वाफाळती, वेटोळ्यावर वेटोळं,
चातीवरून लोकर उतरावी तशी.
एवढं ओझं पोटात ठेवून उडता येत नाही.
मग खिडकीत फडफड,
घशात अडकल्यासारखी एक हाक,
आणि खोलीत काठवट उरते.

उगाच नाही काढून ठेवत.
आतडं असलेल्या बाईला
शेजारणीच्या पोराचं मरण चोचीत धरून
खाडी ओलांडता येईल?
मार्चमध्ये तिनं त्रान्सितो यांकालेओच्या छपरावर पत्र टाकलं.
पोर सुजलं, काळंनिळं पडलं, नवव्या दिवशी गेलं.
दिवसा एदुविखेस पाव घेऊन गेली तिथं
आणि त्रान्सितोच्या गळ्यात पडून रडली.
खोटं नव्हतं ते रडणं. मी पाहिलं.
दिवसा आतडी जागेवर असतात.

आजची रात्र वेगळी.
सुभेदारानं दोन उन्हाळ्यांमागं माझ्याकडून होडी नेली,
सहा वल्ह्यांची, उधारीवर.
रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, चार माणसांत,
मी पैसे मागितले.
तो हसला. माझं पूर्ण नाव विचारलं,
आईकडचं आडनावसुद्धा.
आणि आज मागल्या खोलीत जाताना
ती माझ्या पायाशी थांबली,
पांघरूण सारखं केलं.

काठवट माझ्यासमोर आहे.
नियम इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ:
पहाटे आतडी सापडली नाहीत
तर ती वर्षभर झुरते, मग मरते.
लपवायला जागा पुष्कळ. बटाट्यांचं कोठार, विहीर.
चूल तर पेटलेलीच आहे.
कुत्रा हुंगत आला. मी लाथ घातली
इतक्या जोरात की मीच दचकलो.

मग वाकून पाहिलं.
माणसाच्या आत एवढं असतं, मला माहीत नव्हतं.
एका जागी गाठ होती, मुठीएवढी.
आमची दोन पोरं टिकली नाहीत,
ती कुठं गेली हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.
वारा फटीतून येत होता,
वेटोळी आकसत चालली होती.
मी चुलीवरची किटली उतरवली,
कोपर बुडवून पाहिलं,
तान्ह्याच्या अंघोळीचं पाहतात तसं,
आणि कोमट पाणी हळूहळू ओतलं.

पक्षी आला तेव्हा मी पांघरुणात होतो, भिंतीकडे तोंड.
गिळण्याचा आवाज, बराच वेळ.
मग काही नाही. मग अनवाणी पावलं
उशाशी येऊन थांबलेली.
"पाणी कोमट होतं," ती म्हणाली.
मी घोरलो.

उजाडल्यावर तिनं काठवट राखेनं घासली,
तिच्यातच बटाट्याचा कीस मळायला घेतला.
चुलीत कागद जळला होता का,
मी पाहिलं नाही.
पत्र कुठल्या छपरावर पडलं
ते नवव्या दिवशी कळेल.
भाकऱ्या गरम होत्या. मीठ जरा जास्त.
मी दोन खाल्ल्या,
तिसरी मागून घेतली.